जोडफोटो

१

एटापल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे म्हटलं की चंद्रपूरचे मित्र हसायचे. हसण्यासारखंच होतं ते. वनखात्याची ओळखपत्रं आणि नोकरीचे अर्ज यांच्यासाठी चेहरे टिपण्यात माझं वर्ष सरायचं, आणि गावात वीज पाहुण्यासारखी यायची. पण माझं काम विजेवाचून अडत नसे. स्टुडिओच्या कौलांमध्ये मी काचा बसवून घेतल्या होत्या आणि त्यांच्याखाली एक जुनी मच्छरदाणी ताणली होती. दुपारी त्यातून इतका मऊ उजेड खाली उतरायचा की उन्हानं रापलेला माणूसही नुकता झोपेतून उठल्यासारखा दिसायचा. मागच्या भिंतीवर रंगवलेला पडदा होता. झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवणाऱ्याकडून मी तो करून घेतला होता. एक खांब, एक कुंडी आणि वर जाणारा पांढरा जिना. तो जिना कुठे जातो हे रंगवणाऱ्यालाही ठाऊक नसावं, कारण वरच्या पायऱ्या त्यानं धुक्यात सोडून दिल्या होत्या.

माझं नाव झालं ते जोडफोटोंमुळे. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला तरी लग्नापर्यंत मुला-मुलीनं शेजारी बसून फोटो काढणं घरच्यांना रुचत नसे. पुष्कळदा ते शक्यही नसे. मुलगी इकडे जंगलात, मुलगा तिकडे कुठल्या खाणीत नाहीतर कारखान्यात. तरी दोघांचा मिळून एक फोटो मात्र हवा असायचा. मग मी माझा लाकडी कॅमेरा लावायचो आणि भिंगावर अर्धी कापलेली पत्र्याची टोपी चढवायचो. आधी मुलीला बसवायचं, अर्ध्या फिल्मवर ती उमटायची. मग मुलगा येईल तेव्हा टोपी फिरवायची आणि त्याच फिल्मच्या कोऱ्या अर्ध्यावर त्याला घ्यायचं. फिल्म धुतली की दोघं शेजारी शेजारी. लोकही हौशी. कोणाला चंद्रकोरीवर बसायचं असे, कोणाला कमळात. मी बसवायचो, माझं काय जातं!

या कामात बसणाऱ्याला एकच गोष्ट शिकवावी लागे. शेजारी मोकळी जागा असली की माणूस अवघडतो, पसरून बसतो नाहीतर अंग चोरतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगायचो, "बाजूले माणूस बसून आहे असं समज. त्याच्यासाठी जागा सोड." बहुतेकांना ते जमत नसे. ते ओशाळे हसायचे आणि फोटोतही ओशाळेच दिसायचे. माझ्या बहिणीला मात्र ते पहिल्या झटक्यात जमलं.

२

रुखमा माझ्याहून धाकटी. वडील गेल्यावर तिच्या लग्नाचं माझ्याच डोक्यावर होतं, आणि ते काही केल्या जमत नव्हतं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, 'कळवतो' म्हणायचे आणि गडप व्हायचे. मुलीत तसं नाव ठेवायला काही नव्हतं. बालवाडीत शिकवायची, सावळी, नीटस. फक्त परक्या माणसापुढे तिची जीभ टाळ्याला चिकटायची, आणि लोकांना वाटायचं, पोरगी घुमी आहे. तिच्या मैत्रिणींची मुलं तिच्याच बालवाडीत यायला लागली तेव्हापासून तिनं लग्नाचा विषयच सोडून दिला. ती बोलत नसे म्हणून मला जास्त लागायचं. तिचं झाल्याशिवाय आपलं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. माझ्या बहिणीच्या शेजारी तिचं स्वतःचं माणूस असावं, त्या काळात एवढंच माझं मागणं होतं.

ते अखेर जमलं. माजरीच्या रामाजींचा मुलगा वामन, कोळशाच्या खाणीत कामाला. रामाजी आले आणि बसल्या जागी होकार देऊन मोकळे झाले. फाल्गुनात साक्षगंध झालं. वामनला खाणीतून सुटी मिळाली नाही, म्हणून साडी-चोळी रामाजींनीच दिली. म्हणजे ज्यांचं लग्न ठरलं त्या दोघांनी एकमेकांना पाहिलंच नव्हतं. पाहुणे गेल्यावर रुखमा भांडी घासता घासता म्हणाली, "भाऊ, दिसाले कसे असतीन जी ते?"

तिनं एवढं विचारलं याचाच मला आनंद झाला. मी ठरवलं, हिचा जोडफोटो असा काढायचा की सांधा कोणाच्या बापाला सापडू नये. चंद्र नको, कमळ नको. साधं बाक, आणि त्यावर खांद्याला खांदा लावून बसलेली दोन माणसं.

चैत्रातल्या एका दुपारी मी तिला स्टुडिओत नेलं. बाहेर मोहफुलांचा वास इतका दाटला होता की दार लावलं तरी तो आत यायचा आणि डोळे जड व्हायचे. बाकाच्या बरोबर मधोमध मी खडूनं रेघ मारली.

"या रेघेले खेटून बस," मी म्हणालो. "रेघेच्या पलीकडे वामन. बाजूले तो बसून आहे असं समज."

ती बसली. मी काळ्या कापडाखाली डोकं घातलं. या कॅमेऱ्याच्या काचेवर चित्र उलटं दिसतं, डोकं खाली, पाय वर. त्या उलट्या चित्रात रुखमा जरा बाजूला सरकली आणि तिनं आपला तळहात पलीकडच्या मोकळ्या जागेवर अलगद ठेवला. आणि मग टक् असा आवाज आला.

त्या बाकाचा पलीकडचा पाय आखूड होता. त्या टोकाला कोणी टेकलं की तो जमिनीला लागून वाजायचा. रोजचा आवाज, माझ्या कानाला सवयीचा. म्हणूनच तो आवाज आला हे मला जरा उशिरा कळलं. मी कापडातून डोकं काढलं. पलीकडे कोणी नव्हतं. चैत्रातलं ऊन, लाकूड तडकतं, मी स्वतःला सांगितलं.

"काऊन सरकली?"

"थोडी जागा केली," ती म्हणाली.

"रेघेले खेटून बस म्हटलं ना."

"रेघेवरच आहो ना मी."

वाकून पाहिलं तर ती खरंच रेघेला खेटून होती. परक्यापुढे अवघडणारी माझी बहीण मोकळी बसली होती. मान किंचित पलीकडे कललेली, चेहऱ्यावर मऊ उजेड. इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती. मी अर्ध्या टोपीवरचं झाकण काढलं, मनातल्या मनात वेळ मोजला आणि परत लावलं.

३

अर्धी उमटलेली फिल्म पेटीत ठेवून मी माजरीला निघालो. सोबत कॅमेरा, गुंडाळलेला पडदा आणि ते बाकसुद्धा. बाक एस.टी.च्या टपावर चढवताना कंडक्टरनं विचारलं, "नाटक कुठी आहे जी?" मी म्हटलं, माजरीले. तो म्हणाला, मंग राजा कुठी आहे? सगळी बस हसली. मीही हसलो. माझ्या बहिणीच्या लग्नाचं काम करत होतो, कोणी कितीही हसलं असतं तरी चाललं असतं.

माजरीत तेव्हा धूळ अशी की धुतलेलं कापड वाळेपर्यंत करडं व्हायचं. रामाजींच्या अंगणात कडुनिंबाखाली मी पडदा बांधला, वर चादर ताणून उजेड मऊ केला, बाक पुसलं आणि पुसट झालेली रेघ पुन्हा मारली. पण कॅमेरा नीट लावेपर्यंत बाकावर काळा थर बसलाच. वामन पांढरा सदरा घालून आला. उंच, मऊ बोलणारा माणूस. नखांच्या कडा कोळशानं काळ्या होत्या. मला तो पाहताक्षणी आवडला.

"पॅन्ट खराब होईन जी तुमची," मी म्हणालो.

"आमची तर सवय आहे भाऊ," तो म्हणाला आणि बसला. त्यालाही मी नेहमीचंच सांगितलं. बाजूले माणूस बसून आहे असं समजा, जागा सोडा. त्यानं मान डोलावली. कापडाखालून मला दिसलं, त्यानं आपला खांदा थोडा मागे घेतला, गर्दीत बाईमाणसाला जागा देताना घेतात तसा.

फोटो झाला. तो उठला. बाकावरच्या धुळीत त्याच्या बसण्यानं पुसलेली जागा स्वच्छ दिसत होती. आणि रेघेच्या या बाजूला, जिथे फिल्मवर रुखमा होती, तिथेही तशीच एक जागा पुसलेली होती. जरा लहान. मधली खडूची रेघ मात्र जशीच्या तशी होती, कुठेही फरकटली नव्हती.

मी वामनकडे पाहिलं. तोही तिकडेच पाहत होता. ओठात हसत म्हणाला, "लहानखुरी आहे वाटते."

"कोण जी?"

"नाई, काही नाई," असं म्हणून तो लाजला.

मी बाक पुसताना तेवढ्या जागेवर फडकं दोनदा फिरलं असेल, म्हणून तिथे धूळ कमी बसली असेल. असं होतं. मी ते पटवून घेतलं, खिशातून फडकं काढलं आणि सगळं बाक खसाखसा पुसून टाकलं.

४

परत आलो तर आई खुशीत होती. "पोट्टी खुलली रे," म्हणाली. "गाणं म्हणते."

रुखमा खरंच खुलली होती. दुपारी बालवाडीतून आली की ओट्याच्या पायरीवर बसायची, शिवण घेऊन. पायरी लांब होती, पण ती एका कडेला बसायची. शेजारी शिवणाचा डबा ठेवायची नाही, तो मागे ठेवायची. जेवताना तिचा पाट भिंतीकडे सरकलेला असायचा. शेजारच्या बायनाबाई एकदा बोलत बोलत पायरीवर टेकायला गेल्या तर रुखमानं चटकन म्हटलं, "मावशी, तिथी नको. इकडून बसा." बायनाबाईही इकडून बसल्या. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. नव्या साडीला सुरकुती पडेल, पापड वाळत असतील, बायकांची शंभर कारणं असतात.

मला मात्र दिसत राहायचं. मी दारातून पाहायचो. उन्हाचा पट्टा पायरीवर पडलेला, त्यात रुखमा, आणि तिच्या शेजारी माणूसभर मोकळी जागा. तिचा चेहरा मधूनच तिकडे वळायचा. बोलायची नाही, ऐकल्यासारखं करायची. शोभतही होतं ते. लग्न ठरलेली मुलगी आपल्या माणसाची कल्पना करणार नाही तर काय करणार? मीच तर तिला शिकवलं होतं.

मग मी फिल्म धुतली.

फोटो स्वच्छ आला होता. सांधा कुठेही दिसत नव्हता. पण दोघांच्या मध्ये जागा होती. रेघेला इकडून खेटून ती, तिकडून खेटून तो, म्हणजे खांद्याला खांदा लागायला हवा होता. फोटोत मात्र मध्ये एक माणूस आरामात बसेल एवढं अंतर होतं, आणि दोघंही त्या अंतराकडे कललेले होते. तिथे मागचा पांढरा जिना दिसत होता, जरासा हललेला. माजरीत कॅमेरा दूर लागला असेल. कडुनिंबाखाली वारा होता, पडदा हलला असेल. मी एकेक कारण पुढे ठेवत गेलो आणि प्रत्येक कारण बरोबर होतं. तरी तो फोटो समोर ठेवून मला बसवेना. शेवटी मी तो मधून कापला, तो जिन्याचा पट्टा काढून टाकला, दोन तुकडे जोडले आणि त्याचा पुन्हा फोटो काढला. ब्रशनं खांद्याजवळ थोडी सावली भरली. आता दोघं खांद्याला खांदा लावून बसले होते. एक प्रत माजरीला पोस्टानं धाडली.

दुसरी रुखमाला दिली. तिनं हात पदराला पुसून फोटो घेतला, उन्हात धरला आणि बराच वेळ पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"हे कोण आहेत?" तिनं विचारलं.

"कोण म्हणजे? वामन! कसा आहे, सांग."

"चांगले आहेत," ती म्हणाली. मग शेजारच्या मोकळ्या पायरीकडे पाहून, अगदी हळू, "मंग तो कोण आहे?"

५

त्या दिवसानंतर मी तिला पायरीवर एकटी सोडेनासा झालो. काही ना काही काम काढून जवळपास राहायचो. ती मला त्याबद्दल काही सांगत नसे. एकदा मीच धीर करून विचारलं, "रुखमा, बोलते का तो?"

"नाई."

"मंग?"

"बसून राहते. मी बसली का बसते." मग म्हणाली, "भाऊ, तुले त्रास देत नाई ना तो?"

मी हसण्यावारी नेलं, पण रात्रभर तेच डोक्यात होतं. तिच्या आवाजात भीती नव्हती. असती तर बरं झालं असतं, तिला घेऊन सरळ डॉक्टरकडे गेलो असतो. लग्न मोडावं का, हा विचारही आला. पण मोडायचं तर सांगायचं काय? मुलगी मोकळ्या जागेशेजारी बसते, म्हणून? मी मनाशी एकच धरलं. ही कल्पना आहे. खरं माणूस शेजारी येऊन बसलं की कल्पनेला जागाच उरणार नाही. वामन यायला हवा.

आणि वामन आला. न बोलावता, एका दुपारी, एस.टी.तून उतरून सरळ स्टुडिओत. मी उठून पाणी दिलं. खुर्ची पुढे केली तर ती सोडून तो लांब बाकावर बसला, एका कडेला.

"फोटो भेटला," तो म्हणाला.

"आवडला?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. "राग नका मानू भाऊ. पण फोटोतली बाई दुसरीच वाटली मले. म्हणून पाह्यले आलो."

"दुसरी म्हणजे? तुम्ही तर तिले अजून पाह्यलंच नाई."

"तेच तर," तो म्हणाला. "मी तर समजून राह्यलो होतो का तीच आहे. शिफ्ट सुटली का येते. बाजूले बसते. बस्स. मले वाटलं, लाजते म्हणून बोलत नाई."

 मी त्याच्याजवळ बसायला वळलो आणि मध्येच थांबलो. त्याच्या शेजारी जागा होती, पुष्कळ होती. पण त्याचा खांदा मागे घेतलेला होता. मी जाऊन खुर्चीवर बसलो.

६

मी घरी जाऊन रुखमाला घेऊन आलो. दोघं पहिल्यांदा समोरासमोर आली. नमस्कार झाला. दोघंही नीट वागली, आणि दोघांच्याही डोळ्यांत मला एकच गोष्ट दिसली. चुकीच्या दारात आल्यावर माणूस दिसतो तशी दोघं दिसत होती.  मी मोठ्यानं बोलू लागलो.

"चला, एक नवा फोटो काढू. तो जुना काही खरा नाई. आता दोघं सोबत बसा. टोपी नाई, काही नाई."

खडूची रेघ मी मारली नाही. रुखमा एका टोकाला बसली, वामन दुसऱ्या टोकाला. वरून तो मच्छरदाणीतला उजेड पडत होता. बाहेर तेंदूपानाचा हंगाम सुरू झाला होता, बाया हसत, ओरडत रस्त्यानं चालल्या होत्या, पण आत ते सगळं लांबून, पाण्याखालून आल्यासारखं वाटायचं.

"जवळ या ना जी. लग्न आहे तुमचं."

दोघंही सरकली. थोडी. मध्ये अजून माणूसभर अंतर होतं.

"अजून."

"अजून कुठी सरकू भाऊ?" वामन म्हणाला. "खांद्याले खांदा लागला ना."

"मलेही लागला," रुखमा म्हणाली.

दोघांचे चेहरे मघाचे राहिले नव्हते. ते ओळखीचे झाले होते. शांत, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचे, मान आतल्या बाजूला कललेले. इतकं समाधान मी जन्मात कोणाच्या चेहऱ्यावर टिपलं नाही. आणि मी समोर उभा राहून त्या दोघांमधला पांढरा जिना पाहत होतो. पायऱ्या स्पष्ट दिसत होत्या, धुक्यात गेलेल्या वरच्या पायऱ्यांपर्यंत.

मी कापडाखाली गेलो.

काचेवर रुखमा होती, वामन होता. खांब होता, कुंडी होती. जिना अख्खा नव्हता. खालच्या पायऱ्या दिसत होत्या, अगदी वरच्या, धुक्यातल्या दिसत होत्या. मधल्या तेवढ्या दिसत नव्हत्या. त्यांच्या पुढे काय आहे ते पाहायला मी काचेच्या जवळ गेलो आणि माझ्या श्वासानं काच धुरकटली. मी ती पुसली नाही. माझा हात उचललाच नाही. कापडाखाली गरम अंधारात मी तसाच उभा राहिलो, आणि मग फोटो न काढताच ओरडलो, "झाला! उठा आता, झाला!"

दोघांना उठायला फार वेळ लागला.

७

त्या संध्याकाळी वामन गेल्यावर मी रुखमाला म्हणालो, नाही म्हणून सांगू का? अजूनही वेळ आहे. पत्रिका वाटल्या असल्या तरी मी पाहून घेतो.

"नाई भाऊ," ती म्हणाली. "होऊ दे."

"तुले आवडला वामन?"

"त्याच्याजवळ बसली का बरं वाटते," ती म्हणाली. हे ती वामनबद्दलच म्हणाली असं मी धरून चाललो. वामनशीही बोललो होतो, त्याचंही तेच उत्तर होतं. दोन माणसांना एकमेकांजवळ बरं वाटतं, लग्नाला आणखी काय लागतं? आईची तर आनंदानं धावपळ चालली होती. आणि काचेचं म्हणाल तर, भर उन्हातून आत आल्यावर डोळ्यांपुढे काळं येतंच. ते मी स्वतःला रोज सांगत राहिलो.

वैशाखात लग्न लागलं. मांडवात वंदना झाली, पंचशील झालं, दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांना हार घातले. ती समोर, तो समोर, मध्ये फक्त हार. रुखमा भरल्या मांडवात न अडखळता बोलली. आई रडली. मी अक्षरशः हलका झालो, जेवणाच्या पंगतीत वाढताना मोठमोठ्यानं थट्टा करत होतो. माझ्या बहिणीला तिचं माणूस मिळालं, आता सगळं मागे पडलं, असं मला मनापासून वाटलं.

वऱ्हाड ट्रकनं निघालं. नवरा-नवरीला उन्हात ट्रकमध्ये कशाला, असं रामाजी म्हणाले, म्हणून त्या दोघांना आम्ही दुपारच्या एस.टी.त बसवायचं ठरवलं. बस कसनसूरहून येतानाच खच्चून भरलेली होती. पण गळ्यात हार घातलेली जोडी पाहून लोकांनी तिघांचं एक बाक रिकामं करून दिलं. रुखमा खिडकीशी बसली, वामन वाटेच्या कडेला. मी सामान टपावर चढवून खाली उतरलो आणि खिडकीतून आत पाहिलं.

मधली जागा मोकळी होती.

बसच्या मधल्या वाटेत माणसं एकमेकांवर रेललेली होती. एक म्हातारी डोक्यावर बोचकं घेऊन वामनच्या गुडघ्याला चिकटून उभी होती. तिनं त्या जागेकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, सरक रे बाबू. पण तिनं नजर खाली घेतली, बसलेल्या अनोळखी माणसाकडे चुकून टक लागली की घेतात तशी, आणि पदर सारखा केला.

मी बसमध्ये घुसलो. माणसांना ढकलत, शिव्या खात त्या बाकापर्यंत गेलो. आता मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्या दोघांच्या मध्ये मी बसेन. आलापल्लीपर्यंत, चंद्रपूरपर्यंत, लागलं तर माजरीपर्यंत बसेन. माझी बहीण आहे ती. मी वामनच्या पुढून पाय आत टाकला आणि रुखमानं माझं मनगट धरलं. तिचा हात थंडगार होता.

"भाऊ, नको बसू."

"काऊन? जागा आहे ना."

"नको बसू म्हणते ना!" सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्यानं ती बोलली. जन्मात कधी ती अशी बोलली नव्हती. वामन खाली मान घालून स्वतःच्या हातांकडे पाहत होता. मग तिनं मला जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाली, "एकदा बसलं का मंग उठता येत नाई, भाऊ. आमाले नाई येत. तू तरी घरी जा. माय एकटी आहे."

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती शांत नव्हती. ती कधीच शांत नव्हती, आणि मी तिला सुंदर म्हणत होतो.

कंडक्टरनं घंटी मारली. उतरणार का पुढे जाणार, असं कोणीतरी मागून विचारलं. तिनं माझं मनगट सोडलं, आणि मी उतरलो. तिनं सांगितलं म्हणून नाही. भीतीनं उतरलो.